एक मजला जास्त

“अगं, पण हा वरचा मजला उसवायलाच हवा,” अलकाकाकू हळू आवाजात म्हणाल्या. काकूंचा हळू आवाज म्हणजे वॉइड डेकच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत बसलेल्या आजोबांनी मान वर करून बघावं, इतपतच हळू. रविवारची दुपार होती. आमच्या ब्लॉकखालच्या, म्हणजे इमारतीखालच्या, त्या मोकळ्या जागेत, दगडी गोल टेबलाभोवती, दर रविवारी बसतो तशाच आम्ही बसलो होतो... फक्त विजूमावशीची जागा रिकामी होती आणि टेबलावर तिचं भरतकाम पसरलेलं होतं. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेला बुकित पंजांगमधला आमचा ब्लॉक. खाली वॉइड डेकचे खांब, वर खिडक्यांच्या रांगा, बाजूला एक झाड आणि त्या झाडाहून मोठी एक मैना. मावशीला जाऊन तीन आठवडे झाले होते. पुढच्या महिन्यात कम्युनिटी क्लबात रहिवाशांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिचं हे कापड मधोमध लावायचं, असं सगळ्यांचं ठरलं होतं. अडचण एवढीच होती, की आमच्या ब्लॉकला आहेत त्याहून एक मजला कापडावर जास्त होता.

“लोक मोजतात गं,” काकू म्हणाल्या. “ब्लॉकमधलेच येणार बघायला. पहिलं काय करतील? बोट लावून आपलं घर शोधतील. आणि मग हसतील. विजूला कोणी हसलेलं मला नाही चालणार.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसू नये म्हणून त्या आणखी कडक आवाजात बोलत होत्या. “सानिका उसवेल. तिची नजर तरुण आहे, हात हलका आहे. पुढच्या रविवारी घेऊन ये गं.” मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या लिम आंटीने “ईट, ईट, यू सो थिन,” म्हणत माझ्या हातात तांदळाच्या पिठाचा गोड तुकडा ठेवला, आणि तो खाऊन होईपर्यंत विषय कोपी, म्हणजे इथली कॉफी, कोण आणणार यावर गेला होता. मी काही बोलले नाही, म्हणजे मी हो म्हणाले. आमच्या गटात माझ्या गप्प बसण्याचा हाच अर्थ लावतात. त्यात त्यांची चूक नाही, इतकी वर्षं तो बहुतेक वेळा बरोबरच निघाला आहे. पण त्या मजल्याबद्दल मला जे ठाऊक होतं, ते त्या टेबलाभोवती दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मी कापड घडी न घालता गुंडाळलं आणि चौथ्या मजल्यावर घरी घेऊन आले.

मावशी गेल्याची बातमी कळली तेव्हा मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात होते. माझ्या खुर्चीतून फेरीबोटींचा धक्का दिसतो. एक बोट नुकतीच सुटली होती. आई कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, मेसेज करते. तिने फोन केला आणि म्हणाली, “विजू गेली गं.” मी विचारलं, “कुठे?” खरंच विचारलं. कारण मावशी सतत कुठेतरी गेलेलीच असायची. पुंगोलला मुलाकडे, भाजीला, लायब्ररीत, दोऱ्याचा एक विशिष्ट हिरवा रंग शोधायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. “सानिका,” आई म्हणाली, आणि मग मला कळलं. दुपारी जेवून ती सोफ्यावर लवंडली होती, ती उठलीच नाही. संध्याकाळी तिचा मुलगा नीलेशदादा पुंगोलहून आला. आम्ही सगळे तिच्या घरी जमलो. स्वयंपाकघरात चार वाजताच्या चहाचं आधण मोजून ठेवलेलं होतं, त्यावर झाकण. अलकाकाकूंनी ते बघितलं, गॅस पेटवला आणि त्या आधणाचा चहा करून नीलेशदादाला दिला. त्याने तो पूर्ण प्यायला. मला वाटतं, त्या दिवशी सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच झाली.

विजूमावशी नात्याने माझी कोणीच नव्हती. ती बाराव्या मजल्यावर राहायची, म्हणजे सगळ्यात वर, आणि आम्ही चौथ्या. मी चौदा-पंधरा वर्षांची असताना एकदा शाळेतून येत होते. मी आईशी फोनवर बोलत असताना मावशीने मला ऐकलं होतं, म्हणजे आई मराठीत रागावत होती आणि मी इंग्रजीत “ओके, ओके” म्हणत होते. लिफ्टमध्ये शिरल्यावर मावशीने बोलायला सुरुवात केली. मी कुठल्या शाळेत, आम्ही मूळचे कुठले, आई मेतकूट घरी करते का. प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची. चौथा मजला आला नि गेला, कारण मी बटणच दाबलं नव्हतं, आणि तिचं वाक्य मधेच तोडून हात पुढे करणं मला जमेना. मी तिच्यासोबत बाराव्या मजल्यापर्यंत गेले, तिला नीट बाय केलं, आणि ती दिसेनाशी झाल्यावर जिन्याने खाली उतरले. मला वाटलं, तिला काही कळलं नाही. पुढच्या वेळी लिफ्टमध्ये भेटली तेव्हा तिने आधी चार नंबर दाबला, मग बारा, आणि मग म्हणाली, “हं, आता बोलू या.”

तिला माझं इंग्रजीतून उत्तर देणं कधी खटकलं नाही. निदान तसं तिने कधी दाखवलं नाही. बाकीच्या काकवा “मराठीत बोल की गं” म्हणायच्या, आणि तसं कोणी म्हटलं की मला कुठलीच भाषा येईनाशी व्हायची. मावशी आपली मराठीत बोलत राहायची. हळूहळू माझ्या उत्तरांमध्ये एखादं “हो”, एखादं “नको”, मग अर्धं वाक्य असं शिरत गेलं. ते कधी झालं हे मला सांगता येणार नाही. आज हे मी मराठीत लिहिते आहे, याचं अर्धं श्रेय आईचं आणि अर्धं बाराव्या मजल्याचं.

मला नोकरी लागली त्या सुमारास तिच्या एका डोळ्याला कमी दिसायला लागलं. टाका घालता यायचा, पण सुई ओवता यायची नाही. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी मी वर जायची आणि तिच्या आठवडाभराच्या सुया ओवून ठेवायची. ती रंग सांगायची, मी दोरा कापून ओवायची आणि जुन्या ब्लाउजच्या कापडात भुसा भरून केलेल्या तिच्या पिनकुशनवर एकेक खोचत जायची. काम संपलं की ते पिनकुशन रंगीत शेपट्या फुटलेल्या साळिंदरासारखं दिसायचं. त्या कामाची एक गंमत होती. आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, पण एकमेकींकडे बघायचो नाही. तिचे डोळे कापडावर, माझे सुईच्या नेढ्यावर. ज्यांना बोलताना कोणी तोंडाकडे बघितलेलं सोसत नाही त्यांना कळेल, की अशा वेळी किती सोपं जातं. मी तिला ऑफिसातल्या गोष्टी सांगितल्या, कॉलेजातल्या सांगितल्या. एका मुलाबद्दलही सांगितलं, ज्याच्याबद्दल आईला अजून माहीत नाही आणि आता सांगण्यासारखं काही उरलेलंही नाही. मावशीने त्यावर एवढंच विचारलं, “काळा दोरा ओवलास का?” आणि मग बऱ्याच वेळाने म्हणाली, “जाऊ दे. मला त्याचं नाव पण नव्हतं आवडलं.”

अमेरिकेतल्या त्या मुली आमच्या शनिवारांमध्ये आल्या त्या लायब्ररीतल्या एका पुस्तकातून. मावशी मॉलमधल्या लायब्ररीत फुलीच्या टाक्याचे नवे नमुने शोधायला गेली होती आणि येताना एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. त्यात दोन-अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लहान लहान मुलींनी भरलेल्या कापडांचे फोटो होते. सॅम्पलर म्हणतात त्यांना. लिननच्या तुकड्यावर रेशमी दोऱ्याने आधी एबीसीडी, मग आकडे, मग देवाधर्माचं किंवा मरणाचं काहीतरी वचन, खाली घर, झाडं, पक्षी, आणि सगळ्यात शेवटी मुलीचं नाव, तिचं वय आणि साल. सात-आठ वर्षांच्या पोरींना हे शाळेत शिकवत, कारण मोठेपणी घरातल्या चादरी-टॉवेलांवर अक्षरं आणि नंबर भरता आले पाहिजेत, म्हणजे धुण्यात कोणाचं काय ते कळेल. हे वाचून दाखवलं तेव्हा मावशी एकदम खूश झाली. “म्हणजे परटाची खूण गं! एवढा थाट करून शेवटी परटाची खूण!” तिने स्वतः पुण्यात शाळेत शिवणाच्या तासाला दोन पोपट आणि ‘सुस्वागतम्’ भरलं होतं. बाईंनी एका पोपटाची चोच इतक्या वेळा उसवायला लावली, की तिथे कापडाला भोक पडलं. “त्या दिवसापासून उसवायचं म्हटलं की मला बाईंचा आवाज ऐकू येतो,” ती म्हणायची.

त्या मुलींबद्दल ती अशी बोलायची, जशा काही त्या आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात. तिची सगळ्यात लाडकी होती पेशन्स नावाची एक मुलगी. हिने ओळीचा अंदाज न घेता धडाक्यात अक्षरं भरत नेली होती आणि शेवटची तीन अक्षरं मावली नाहीत म्हणून ती वर चढवून कोपऱ्यात कोंबली होती. “नाव बघ आणि काम बघ,” मावशी म्हणायची. “हिला नक्की खेळायला जायचं असणार.” दुसऱ्या एकीने घराशेजारी माणूस भरला होता तो घराहून उंच. “आत कसा जाणार बिचारा? वाकून!” मरणाची वचनं मात्र तिला मुळीच आवडायची नाहीत. “नऊ वर्षांच्या पोरीला कोण असलं भरायला लावतं? मैना भर म्हणावं.” आणि एक गोष्ट वाचून तर ती इतकी हसली की बशीतला चहा सांडला. यातल्या काही मुलींनी पुढे बायका झाल्यावर, आलेल्या-गेलेल्याला आपलं वय कळू नये म्हणून भिंतीवरच्या सॅम्पलरमधलं साल गुपचूप उसवून टाकलं होतं. बाकी सगळं जागच्या जागी, नेमके तेवढेच आकडे गायब. “हे एक उसवणं मला मान्य आहे,” मावशी म्हणाली.

असं करता करता तिने स्वतःचा सॅम्पलर करायला घेतला. एबीसीडीच्या जागी अआइई, वचनाच्या जागी ‘हे विजयाने भरले, दुपारचा चहा सांभाळून’, आणि नावापुढे ‘वय’ लिहून मोकळी जागा. ती आकडा आधी भरणार होती आणि मग रीतसर उसवणार होती. त्यांच्या घराच्या जागी आमचा ब्लॉक. तो तिने मनानेच चौकटीच्या कागदावर आखला. खाली जाऊन मोजायची काय गरज, असं तिला वाटलं. “तीस वर्षं रोज लिफ्टमध्ये बारा नंबर दाबते आहे मी!” तर खाली वॉइड डेकचे खांब आणि वर खिडक्यांच्या बारा रांगा असा तो ब्लॉक दोन-तीन महिन्यांत उभा राहिला. ती रविवारी खाली घेऊन आली, सगळ्यांनी वा वा केलं. लिम आंटीने मात्र बोट लावून खालपासून वर मोजलं, वॉइड डेकबाहेर जाऊन खरा ब्लॉक मोजला, पुन्हा कापड मोजलं आणि म्हणाल्या, “एह, विजया! यू बिल्ट वन मोअर फ्लोअर! पर्मिट गॉट ऑर नॉट?”

झालं होतं ते असं. इथे जमिनीलगतचा मजला पहिला धरतात. वॉइड डेक हाच पहिला, त्यावरची घरं दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे मावशीचा बारावा मजला ही खिडक्यांची अकरावी रांग. पुण्यात तळमजला मोजत नाहीत, त्याच्या वर पहिला मजला सुरू होतो. तीस वर्षं इथे राहून, सगळी कागदपत्रं इथली करून, हॉकर सेंटरमध्ये बिनसाखरेची कोपी बिनचूक मागवायला शिकूनही, घर बांधायची वेळ आली तेव्हा मावशीने ते पुण्याच्या हिशोबाने बांधलं. आम्ही सगळ्या पोट धरधरून हसलो. अलकाकाकू म्हणाल्या, “एक रांग तर आहे, उसवून टाक, कोणाला कळणार नाही.” मावशी “बघू” म्हणाली. तिचं “बघू” म्हणजे काय, हे मला एव्हाना कळत होतं.

पुढच्या शनिवारी मी वर गेले तेव्हा कापड तिच्या मांडीवर होतं आणि ती त्या वरच्या रांगेकडे असं बघत होती, जसं घर बघायला गेलेलं माणूस बघतं. “सानिका,” ती म्हणाली, “मजला बांधून झालाच आहे, तर भाड्याने देऊन टाकू.” आणि तिने खिडक्या भरायला सुरुवात केली. एकेक खिडकी म्हणजे चार-चार टाक्यांचा चौकोन, त्यात मावणार काय? पण तिने मावेल तेवढं बसवलं. पहिली खिडकी पेशन्सला. तिची तपकिरी वेणी चौकटीबाहेर लोंबते, कारण ती आत मावेलच कशी. दुसरी काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना. ते जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. कॉरिडॉरमध्ये ते कुंडीत कढीपत्ता लावायचे आणि अख्ख्या ब्लॉकला फुकट वाटायचे. त्यांच्या खिडकीत चार हिरवे टाके. “त्यांना नेहमी वाटायचं, आपण आणखी एक मजला वर असतो तर वारा आणखी चांगला आला असता,” ती म्हणाली. “घ्या म्हणावं आता वारा.” मग तिची आई, एक लाल ठिपका. मग अलकाकाकू, ज्यांना चांगल्या धडधाकट असूनही मधली खिडकी मिळाली. मग लिम आंटी. दुरून बघितलं तर उरलेले दोरे संपवायला कोणीतरी कसेही टाके घातले आहेत, असंच वाटेल. तिने हे कोणालाही सांगू नकोस म्हणून मला बजावलं होतं. “अलकाला तर मुळीच नको. ती भाडं ठरवायला बसेल.” एका शनिवारी तिने कापडावरची नजर न काढता विचारलं, “तुला देऊ का गं एक?” मी खांदे उडवले. मला हवी होती. पण हवी आहे असं तोंडाने म्हणणं... ते मला कधीच जमलेलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही, पुढचा रंग सांगितला.

आमची शेवटची भेट अशीच एका शनिवारची. तिने मला नेहमीपेक्षा जास्त सुया ओवायला लावल्या, कारण पुढच्या शनिवारी ती पुंगोलला नातीकडे राहायला जाणार होती. नातीला वॉटरफ्रंटवर सायकल चालवायला शिकवणार होती. तिला स्वतःला सायकल येत नव्हती, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. “मागे धावायला सायकल यावी लागत नाही,” ती म्हणाली. निघताना तिने मला डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली आणि लिफ्टपर्यंत आली. तिला कॉरिडॉरमध्ये उभं राहून लिफ्टचं दार बंद होईपर्यंत बोलायची सवय होती. त्या दिवशीही तिचं वाक्य दाराने अर्धंच तोडलं. मला वाटतं ते चटणीच्या डब्याबद्दल होतं.

तर ते कापड घेऊन मी घरी आले. आठवडाभर ते माझ्या टेबलावर होतं. मी रोज ठरवायची की अलकाकाकूंना फोन करून सांगू या, आणि रोज मनातल्या मनात त्या फोनची तालीम करायची. तालमीत मी उत्तम बोलायची. काकूंचं म्हणणं चूक होतं असंही मला वाटेना. त्यांना आपल्या मैत्रिणीचं काम नेटकं दिसायला हवं होतं, आणि मला सांगायचं होतं ते असं, की त्या रांगेत मावशीच्या आयुष्यातली माणसं आहेत. पण मावशीने तर ते सांगू नकोस म्हणून सांगितलेलं. आणि मी न बोलता कापड तसंच परत केलं असतं, तर काकूंनी स्वतः उसवलं असतं. मधला रस्ताच नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी नीलेशदादा मावशीच्या घरी सामान आवरायला आला होता, म्हणून मी वर गेले आणि त्याला विचारलं. तो बिचारा भांड्यांच्या ढिगात बसला होता. “तुम्हीच ठरवा गं,” तो म्हणाला, “मला त्यातलं काही कळत नाही. आई चुकली असेल तर दुरुस्त करा, चुकली नसेल तर राहू दे.” मग त्याने खिडकीतलं पिनकुशन माझ्या हातात दिलं. “हे तुझंच ना?” त्या सगळ्या सुया मी त्या शेवटच्या शनिवारी ओवलेल्या होत्या. जवळजवळ सगळ्यांचे दोरे होते तेवढेच लांब होते. फक्त निळी आणि पिवळी, या दोन सुयांचे दोरे आखूड झाले होते.

मी घरी येऊन दिवा जवळ ओढला आणि वरची रांग नीट बघितली. आठवडाभर बघत होते, पण ओळखीच्या खिडक्याच बघत होते. उजव्या टोकाची शेवटची खिडकी मला रिकामी वाटली होती. ती रिकामी नव्हती. भिंतीच्या रंगाच्या अगदी जवळचा निळा, चारही बाजूंनी भरलेला. पडदा ओढलेला. आणि पडद्याखाली, चौकटीला लागून, पिवळ्या दोऱ्याचा एकच आडवा टाका... आत दिवा लागलेला असला की दिसतो तेवढाच. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर हसू आलं. खांदे उडवणाऱ्या मुलीला कशी खिडकी द्यावी, याचा मावशीने पूर्ण विचार केला होता.

रविवारी मी खाली गेले आणि कापड टेबलावर पसरलं. अलकाकाकूंनी चष्मा लावला, खालून वर बोट फिरवलं. “अगं, हे आहे की तसंच!”

“ऑफिसात काम असतं हो तिला,” आई घाईघाईने म्हणाली. “महिनाअखेर आहे.”

“असू दे, असू दे. आण, मीच करते. दहा मिनिटांचं तर काम आहे.” काकूंनी पर्समधून छोटी कात्री काढली. तिचं टोक डावीकडच्या पहिल्या खिडकीपाशी, तपकिरी वेणीला टेकलं.

“थांबा,” मी म्हणाले.

सगळ्या थांबल्या. मी ‘थांबा’ म्हटल्याचं त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं, मीही नव्हतं.

“काय झालं गं?”

“वर माणसं राहतात, काकू.”

“कुठे वर?”

मी कापडावर बोट ठेवलं. माझा आवाज बारीक येत होता, पण येत होता. ही पेशन्स, तिला घाई आहे. हे काका, हा त्यांचा कढीपत्ता. ही मावशीची आई. आणि मग मधल्या खिडकीवर आले. “ह्या तुम्ही. हे दोन काळे ठिपके म्हणजे तुमचा चष्मा. मावशी म्हणाली, अलकाला मधली खिडकी हवी, तिला दोन्हीकडचं दिसलं पाहिजे.”

काकूंनी कापड नाकाजवळ नेलं. त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि मला वाटलं त्या रडताहेत. थोड्या रडतही होत्या. “मेली!” त्या म्हणाल्या. “सुचलं कसं हिला! मला मेलीने चष्म्यासकट बसवलं वर, आणि मीच कात्री घेऊन...” त्यांनी कात्री पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि पर्स आईच्या मांडीवर ठेवली, जणू ती त्यांच्याजवळ राहणं धोक्याचं होतं.

“मी लेह? मी व्हेअर?” लिम आंटीने विचारलं. मी त्यांना त्यांच्या दारातल्या चिनी नववर्षाच्या संत्र्यांचे दोन केशरी टाके दाखवले. “ओन्ली टू ऑरेंज? विजया सो स्टिंजी, लाह!” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी त्या दोन टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आता सगळ्याच वाकून बघत होत्या, माझं बोट बाजूला सारून स्वतःच ओळखत होत्या. आईचं बोट रांगेच्या उजव्या टोकाला पोचलं. “आणि ही गं कोणाची? हिचा तर पडदाच बंद आहे.”

“ती राहिली असेल भरायची,” काकू माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. “रिकामी आहे ती.”

“रिकामी नाही,” मी म्हणाले. “तिथे मी राहते.”